डावी मांडी

आईचा शिवणटेप खिळ्याला लटकतो.
दर रविवारी, चहाच्या आधी, मी तो मांडीला गुंडाळते.
उजवी अठ्ठावन्न. डावी एक्कावन्न.
सात सेंटिमीटर कुठे सांडून आले मी?
आई म्हणते, टेप सैल धरू नकोस.
ती बायकांचे कोट शिवते,
माणसं मापात कुठे लबाडी करतात
तिला पाठ आहे.

या गावात माझं वजन होतं.
म्हणजे चौसष्ट किलो,
आणि दुसऱ्याही अर्थानं:
ग्युमरीतला एकही व्हॅनवाला माझ्याकडून भाडं घ्यायचा नाही.
मग मार्चमधल्या एका दुपारी
एकशे सहा किलो छातीवर घेऊन उठताना
गुडघ्यात कुणीतरी ओलं कापड फाडलं,
टर्रकन.
मी ऐकलं. शेजारच्या फळीवर मारोनं ऐकलं.
वाराझ्दातसर तेवढ्यात खडूचा डबा शोधायला वळले.
वळले ते बरं केलं.

आमच्या इमारतीची लिफ्ट कधीपासून बंद आहे
हे नक्की कुणालाच आठवत नाही.
चौथा मजला. कुबड्या.
दहा महिने सातेनिकमावशी
माझे बटाटे, माझं पाणी, माझी औषधं वर आणत राहिली,
प्रत्येक मजल्यावर थांबून
सरकारला एकेक शिवी देत.
मी खिडकीतून बर्फ पडताना पाहिला,
वितळताना पाहिला,
पुन्हा पडताना पाहिला.
मांडी तेवढ्यात गुपचूप ओसरली,
कपबशीतल्या चहासारखी.

डॉक्टर म्हणाल्या, घाबरू नकोस.
कारखाना बंद पडलाय,
कामगार गाव सोडून गेलेले नाहीत.
भोंगा वाजला की येतील.
मला हसू आलं.
आमच्या गावात हे कुणाला पटावं?
इथल्या गिरण्यांचे कामगार केव्हाच रशियाला गेले,
माझा भाऊही त्यांच्यातच.
पण मांडीतले थांबलेत म्हणे.

तर जानेवारी.
आधी झाडूचा दांडा. तीन आठवडे झाडूचा दांडा!
मग रिकामी सळई, पंधरा किलो,
शेगडीजवळ ठेवून ऊब दिलेली,
नाहीतर लोखंड तळहाताचं कातडं मागून घेतं.
बस. ऊठ. बस. ऊठ.
परीक्षा देऊन बसलेली बाई
परत मुळाक्षरं गिरवतेय.
पलीकडे मारो साठनं अंग गरम करते
आणि माझ्याकडे बघायचं टाळते.
पोर चांगली आहे.
तिचा मला फार राग येतो.

एका संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी ऐंशी चढवले.
निम्म्यावर डावा पाय थरथरला,
शिकाऱ्यासमोरच्या सशासारखा,
आणि मी सळई टाकून दिली.
दारात सर उभे होते.
काही बोलले नाहीत.
एकेक चकती उतरवून जागेवर लावली,
आणि वहीत लिहिलं:
सत्तावीस जानेवारी. मूर्खपणा, एक वेळ.

त्या वहीत माझं जुनं पान आहे.
ते मी उलटून पाहत नाही.
म्हणजे पाहते,
पण सर शेगडीत लाकडं घालत असतात तेव्हाच.

फेब्रुवारी.
बावीस, पंचवीस, पंचवीस, अठ्ठावीस.
रात्री मांडी ठणकते,
आणि हा ठणका जुन्या ओळखीचा आहे,
फाटल्याचा नव्हे, कामावर गेल्याचा.
भोंगा वाजला असावा.
दोन-चार जण आले असावेत,
डोळे चोळत, उशिरा.

काल खाली दारात सातेनिकमावशी
बटाट्यांच्या पोत्याशी झटापट करत होती.
मी ते खांद्यावर घेतलं.
पहिल्या मजल्यावर तिनं शिवी दिली, सवयीनं.
दुसऱ्यावर ती गप्प झाली.
तिसऱ्या मजल्याच्या वळणावर लक्षात आलं,
मी पायऱ्या मोजल्याच नाहीत,
कुठला पाय आधी टाकला तेही ठाऊक नाही.
पोतं किती किलोचं होतं?
कुणी तोललं नाही.
वहीत त्याला रकाना नाही.

इथे नको, मावशी म्हणाली,
तिथे ओल येते,
उचल आणि पलीकडे ठेव.

मी उचललं
आणि पलीकडे ठेवलं.